पालवणकर बाळू : मैदानावरच्या टाळ्या आणि मतपेटीतील मते

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत आपल्या बडोद्याचे क्रिकेटपटू युसूफ पठाण पश्चिम बंगालमधील बहरामपूर येथून उभे राहिले आणि पाच वेळा खासदार झालेल्या अधीर रंजन चौधरी यांचा ८५ हजारांहून अधिक मतांनी पराभव करून निवडून आले. त्यांचे षटकार निजामपुऱ्यातल्या गल्लीत खेळणाऱ्या मुलांना तोंडपाठ आहेत. पण बहरामपूरच्या मतदाराने मत दिले ते त्या षटकारांना, की त्यांना उमेदवारी देणाऱ्या पक्षाला? आपल्या आवडत्या खेळाडूला टाळ्या वाजवणारा माणूस त्याच हाताने त्याला मतही देतो का?

सुमारे ९० वर्षांपूर्वी, १९३७ साली, मुंबईत एका मराठी खेळाडूच्या बाबतीत हाच प्रश्न उभा राहिला होता. त्या खेळाडूचे नाव पालवणकर बाळू. त्यांच्या काळात शाळकरी मुलांपासून गिरणी कामगारांपर्यंत सर्वांना ठाऊक असलेले हे नाव आज कितीतरी क्रिकेटप्रेमी घरांतही माहीत नसते. म्हणून या अंकात त्यांची ओळख करून देत आहोत.

बाळूंचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाड येथे, एका चर्मकार कुटुंबात झाला. घराणे मूळचे कोकणातले. पालवणकर हे आडनाव तिकडच्या गावावरून आलेले. वडील लष्कराच्या नोकरीत होते, त्यामुळे बाळूंचे बालपण पुण्याच्या लष्करी वस्तीत गेले. तिथल्या गोऱ्या शिपायांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू घेऊन बाळू आणि त्यांचे धाकटे भाऊ शिवराम, विठ्ठल व गणपत खेळू लागले. चौघेही पुढे नावाजलेले क्रिकेटपटू झाले. एका घरातले चार भाऊ, तेही ज्या काळात त्यांच्या समाजाला सार्वजनिक पाणवठ्यावर पाणी भरू दिले जात नव्हते त्या काळात, ही गोष्टच अचंबा करायला लावणारी आहे.

बाळूंची पहिली नोकरी पुण्यातील पारशी मंडळींच्या क्रिकेट क्लबात. काम खेळपट्टी झाडण्याचे आणि रूळ फिरवण्याचे, पगार महिना ३ रुपये. पुढे ते गोऱ्यांच्या पूना क्लबात गेले. तिथे पगार ४ रुपये झाला आणि जाळे लावणे, खेळपट्टी तयार करणे, रेषा आखणे यांबरोबर सभासदांना सरावासाठी गोलंदाजी करणे हेही काम पदरी पडले. क्लबातील ग्रेग नावाचे अधिकारी त्या काळचे नामांकित फलंदाज. ते इतरांच्या आधी तासभर येऊन बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करीत आणि आपण बाद झालो की दर वेळी ८ आणे बक्षीस देत, अशी कथा सांगतात. डावखुऱ्या हाताची संथ, अचूक फिरकी बाळूंनी इथे घोटली. तासन् तास, महिनोन् महिने ते चेंडू टाकत राहिले. मात्र फलंदाजी करायला त्यांना कोणी बोलावीत नसे. बॅट साहेबांची आणि चेंडू नोकराचा, अशी ती वाटणी होती.

पूना क्लबाच्या नोकरात असा गोलंदाज आहे ही बातमी शहरात पोहोचली, तेव्हा पुण्यातील हिंदू क्रिकेटपटूंपुढे पेच पडला. गोऱ्यांच्या संघाला हरवायचे तर हा गोलंदाज हवाच होता. पण त्याच्याबरोबर खेळायचे कसे? अखेर जिंकण्याच्या इच्छेने मात केली आणि बाळूंना संघात घेतले गेले. मैदानावर एकच चेंडू सगळ्यांच्या हातातून फिरे, त्याला हरकत नव्हती. चहाची वेळ झाली की इतर खेळाडू आत चिनी मातीच्या कपातून चहा घेत आणि बाळू मात्र बाहेर उभे राहून मातीच्या भांड्यातून पीत. जेवणाचे ताटही वेगळे आणि जागाही वेगळी.

बाळूंच्या गोलंदाजीवर पुण्याच्या संघाने गोऱ्यांना हरवले. साताऱ्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्यातही तेच घडले, तेव्हा गावात कौतुकाला उधाण आले. न्यायमूर्ती रानड्यांसारख्या सुधारकांनी तेव्हा पुण्याच्या खेळाडूंना सरळच विचारले होते, की ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर जेवायला काय अडचण आहे. कौतुक आणि बरोबरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे बाळूंना इतक्या लवकर कळून चुकले असेल. पुढे निवडणुकीत जे घडले त्याकडे पाहताना हा मातीचा प्याला विसरू नये.

प्लेगच्या साथीच्या काळात बाळू मुंबईला आले. तिथल्या हिंदू जिमखान्यातही त्यांना घेण्यावरून आधी कुरबुर झाली, पण कर्णधार कीर्तिकर यांनी आग्रह धरला आणि प्रवेश मिळाला. उपजीविकेसाठी त्यांना बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत नोकरी मिळाली. हे लांबलचक नाव म्हणजे बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे. आपल्या बडोदे स्टेशनातून जाणारी, १९५१ पासून पश्चिम रेल्वे म्हणून ओळखली जाणारी. तिच्या संघातूनही बाळू खेळले.

१९०६ च्या फेब्रुवारीत मुंबईत हिंदू आणि युरोपियन या संघांमधला सामना झाला. हिंदूंनी २४२ आणि १६० धावा केल्या, युरोपियनांना १९१ आणि १०२ मध्ये गुंडाळले आणि १०९ धावांनी विजय मिळवला. शिवरामची फलंदाजी आणि बाळूंची गोलंदाजी यांचा या विजयात मोठा वाटा होता. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरवले, ही बातमी देशभर गेली. लाहोरपासून मद्रासपर्यंत लोकांना आनंद झाला. हे स्वदेशीचे दिवस होते; वंगभंगाविरुद्धची चळवळ पेटलेली होती. साहजिकच त्या सामन्याकडे कोणी निव्वळ खेळ म्हणून पाहिले नाही. मुंबईच्या एका सुधारणावादी साप्ताहिकाने आणखी एक गोष्ट टिपली. पुण्यात ज्याला बाहेर चहा दिला जाई तो मुंबईच्या जिमखान्यात सर्वांबरोबर जेवू लागला होता.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानचा पहिला प्रातिनिधिक संघ इंग्लंडला गेला. त्यात बाळू आणि शिवराम हे दोघे भाऊ होते. संघाची कामगिरी यथातथाच झाली. २३ सामन्यांत ६ विजय आणि १५ पराभव. बाळूंनी मात्र दुखऱ्या खांद्याने गोलंदाजी करीत ११४ बळी घेतले, तेही १९ हून कमी सरासरीने. पस्तिशी ओलांडलेल्या माणसाची, परक्या हवेत, पहिल्याच दौऱ्यातील ही कामगिरी. कसोटी सामने तेव्हा हिंदुस्थानला मिळालेले नव्हते. ते १९३२ साली मिळाले. बाळू वीस वर्षे उशिरा जन्मले असते तर त्यांचे नाव आज प्रत्येक क्रिकेटच्या पुस्तकात पहिल्या पानांवर असते, असे मला वाटते.

इंग्लंडहून परतल्यावर मुंबईत त्यांचे सत्कार झाले. त्यांतला एक अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाने केला. त्या समारंभातील मानपत्र एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या एका तरुणाने तयार केले होते, असे सांगतात. तो तरुण म्हणजे भीमराव आंबेडकर.

बाबासाहेबांचा आणि बडोद्याचा संबंध आपणां सर्वांना माहीत आहे. १९१३ साली महाराजा सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेला गेले. १९१७ मध्ये करारानुसार बडोदे सरकारच्या नोकरीत आले, पण राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेतून त्यांना बाहेर काढले गेले आणि कमाटी बागेत झाडाखाली बसून त्यांनी पुढील आयुष्याचा निश्चय केला. आपल्या निजामपुऱ्याहून फतेगंजमार्गे शहरात जाताना लागणारी हीच ती बाग. तर या तरुणाच्या लेखी पालवणकर बाळू हे अभिमानाचे स्थान होते. ज्या समाजाला कशातच संधी नव्हती त्या समाजातला एक माणूस केवळ गुणांच्या बळावर देशात पहिल्या रांगेत जाऊन बसला, ही गोष्ट त्यांना मोलाची वाटे. १९१८ नंतर मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक असताना बाळूंची मुंबई महापालिकेवर नियुक्ती व्हावी म्हणून त्यांनी खटपटही केली. म्हणजे बाळूंनी राजकारणात यावे, असे वाटणाऱ्यांपैकी एक बाबासाहेब स्वतःच होते!

आता थोडे त्या काळच्या प्रेक्षकांविषयी. मुंबईचे हे सामने धर्माप्रमाणे बनलेल्या संघांत होत. आधी युरोपियन आणि पारशी, मग १९०७ पासून हिंदू धरून तिरंगी, १९१२ पासून मुसलमान धरून चौरंगी आणि १९३७ पासून इतरांचा पाचवा संघ धरून पंचरंगी. प्रेक्षकही बहुधा आपापल्या जिमखान्याच्या मांडवात बसत. गंमत अशी की मतदारांचीही त्याच सुमारास अशीच विभागणी झाली. १९०९ च्या कायद्याने मुसलमानांसाठी स्वतंत्र मतदारसंघ आले. मैदानावर ज्या खुर्चीवर बसायचे, मतदानाच्या दिवशी त्याच यादीत नाव शोधायचे. खेळाची आवड आणि मताची निवड या दोहोंना त्या काळी जन्मानेच एकाच दोरीने बांधले होते. (त्या पाचव्या संघातून, द रेस्ट म्हणून, आपले विजय हजारे खेळले. १९४३ साली हिंदूंविरुद्ध संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या होत्या. सांगलीचे हजारे बडोद्याला आले आणि अखेरपर्यंत बडोदेकर राहिले.)

पण हिंदू म्हणून एका मांडवात बसलेल्यांमध्ये आतही पायऱ्या होत्याच. बाळू संघातले सर्वांत अनुभवी आणि सर्वांत यशस्वी खेळाडू, तरी कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. १९१३ साली मुकुंदराव पै यांना कर्णधार केले गेले, तेव्हा पै यांनी हा मान खरे तर बाळूंचा आहे असे जाहीरपणे सांगितले. त्यांचा मोठेपणा लक्षात ठेवण्यासारखा आहे. परंतु त्याने निवड करणाऱ्यांच्या मनात फरक पडला नाही.

१९२० साली गोष्ट हाताबाहेर गेली. बाळूंना संघातून वगळण्यात आले. पै आजारी असल्याने कर्णधार नेमायचा होता. विठ्ठल हे तेव्हाचे उत्तम फलंदाज, पण त्यांना बाजूला ठेवून पुण्याचे दि. ब. देवधर यांना नेमले गेले. विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून अंग काढून घेतले आणि आपली भूमिका वृत्तपत्रांतून मांडली. निवड गुणांवर व्हावी, जन्मावर नको, एवढेच त्यांचे म्हणणे होते. प्रा. देवधरांची योग्यता वादातीत होती, आणि पुढे ते रणजी करंडक जिंकणाऱ्या महाराष्ट्र संघाचे कर्णधार झाले. वाद त्यांच्याशी नव्हताच. गांधीजींच्या असहकाराचे आणि अस्पृश्यता निवारणाच्या विचारांचे ते दिवस. सामान्य क्रिकेटप्रेमींमध्ये चर्चा पेटली, वृत्तपत्रांत पत्रे आली. पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्यासाठी तिघे भाऊ परत आले, बाळू उपकर्णधार झाले, आणि पै काही वेळासाठी मैदानाबाहेर गेले तेव्हा संघाचे नेतृत्व बाळूंनी केले. पूर्ण कर्णधारपद मिळाले ते १९२३ साली, विठ्ठल यांना. त्या वर्षी युरोपियनांना हरवल्यावर सवर्ण प्रेक्षकांनी विठ्ठल यांना खांद्यावर उचलून घेतले.

प्रेक्षकांच्या प्रेमाची ताकद इथे दिसते. मतदान नव्हते, उमेदवारी अर्ज नव्हते, तरी लोकांच्या ओढीने एक बंद दार उघडले.

बाळूंचा खेळ १९२०-२१ च्या हंगामानंतर संपला. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत १७९ बळी, सरासरी १५.२१. यानंतरचे त्यांचे आयुष्य सार्वजनिक कामात गेले आणि इथेच ते आणि बाबासाहेब यांच्या वाटा वेगळ्या झाल्या.

बाबासाहेबांचे म्हणणे असे की अस्पृश्यांना स्वतःचे प्रतिनिधी स्वतः निवडता आले पाहिजेत, म्हणून त्यांचा मतदारसंघ स्वतंत्र हवा. बाळूंना हे पटत नव्हते. मद्रासचे नेते एम. सी. राजा यांच्याप्रमाणे ते संयुक्त मतदारसंघाच्या बाजूचे होते. जागा राखीव असाव्यात, पण मत सर्व हिंदूंनी मिळून द्यावे. विचार करा, बाळूंच्या जागी दुसरे काय सुचणार? त्यांचे सारे आयुष्य संयुक्त मैदानावर गेले होते. मातीच्या प्याल्यापासून उपकर्णधारपदापर्यंतचा प्रवास त्यांनी एकाच संघात राहून केला होता. आतले लोक हळूहळू बदलतात, याचा पुरावा म्हणजे त्यांचे स्वतःचे जीवन. पण त्याच जीवनातून उलटा निष्कर्षही काढता येतो: इतका मोठा गोलंदाज असून कर्णधारपद मिळाले नाही ते नाहीच. मग ज्यांच्याजवळ असा गुण नाही त्या लाखो लोकांनी कशाची वाट पाहायची? बाबासाहेबांना हा दुसरा निष्कर्ष दिसत होता.

१९३२ च्या ऑगस्टमध्ये जातीय निवाडा जाहीर झाला आणि सप्टेंबरात गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात उपोषण सुरू केले. धावपळ करून तडजोड घडवणाऱ्यांत राजा आणि बाळू हेही होते. २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. प्रांतिक विधिमंडळांत अस्पृश्यांसाठी १४८ जागा राखीव ठरल्या आणि मतदारसंघ संयुक्त राहिला. बाळूंना हवे ते घडले.

पुढच्याच वर्षी ते हिंदू महासभेतर्फे मुंबई महापालिकेच्या निवडणुकीला उभे राहिले आणि हरले. १९३५ साली बाबासाहेबांनी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली तेव्हा बाळूंनी तिला उघड विरोध केला. १९३६ मध्ये बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. आणि १९३७ च्या फेब्रुवारीत मुंबई प्रांताच्या विधानसभेची निवडणूक आली. बाबासाहेब मुंबईतील ई आणि एफ वॉर्डातून, म्हणजे भायखळा-परळच्या कामगार वस्तीतून, राखीव जागेवर उभे राहिले. त्यांच्यासमोर काँग्रेसने उभे केले पालवणकर बाळूंना.

काँग्रेसची निवड हुशारीची होती. बाबासाहेबांविरुद्ध उभा करायचा उमेदवार त्याच वंचित वर्गातला हवा, सर्व हिंदूंना माहीत असलेला हवा आणि ज्याच्याविषयी कोणी वाईट बोलणार नाही असा हवा. तिन्ही गोष्टी एकत्र असणारा दुसरा माणूस मुंबईत शोधून सापडला नसता. शिवाय बाळू चर्मकार समाजाचे आणि बाबासाहेब महार समाजाचे, हेही हिशेब मांडणाऱ्यांनी धरले असणार. बाळू साठीचे होते. निवृत्तीनंतरही मैदानाजवळून गेले तर लोक वळून पाहत, असा हा माणूस.

मतदान आजच्यासारखे सर्वांसाठी नव्हते. मालमत्ता, भाडे, शिक्षण अशा अटी पुऱ्या करणाऱ्यांनाच मत होते. आपल्या बडोद्याच्या लोकांना तर या निवडणुकीत मतच नव्हते, कारण बडोदे हे वेगळे संस्थान. पण पुणे करारामुळे राखीव जागेसाठीही त्या वॉर्डांतील सवर्ण आणि दलित अशा दोन्ही मतदारांना मत देता येणार होते. ज्या संयुक्त मतदारसंघासाठी बाळूंनी आग्रह धरला त्याच मतदारसंघात, ज्यांनी त्यांना वर्षानुवर्षे टाळ्या दिल्या त्याच लोकांपुढे, त्यांची परीक्षा होती.

निकाल लागला. डॉ. आंबेडकर १३,२४५, पालवणकर बाळू ११,२२५. फरक २,०२० मतांचा.

आता या आकड्यांकडे नीट पाहू या. बाळूंची ११,२२५ मते ही काही थोडकी नव्हेत. पण त्यांतली चेंडूची किती आणि काँग्रेसची किती? त्या निवडणुकीत काँग्रेसची लाट होती. मुंबई प्रांतात तोच सर्वांत मोठा पक्ष ठरला आणि पुढे बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले. त्या लाटेत काँग्रेसचा कोणीही उमेदवार बरीच मते घेऊन गेला असता. चार वर्षांपूर्वी, काँग्रेसचे पाठबळ नसताना, तेच लोकप्रिय बाळू महापालिकेतही निवडून आले नव्हते. दोन्ही निकाल शेजारी ठेवले की माझा कल एकाच बाजूला झुकतो. लोकांनी बाळूंवर प्रेम केले, पण मत देताना पक्ष आणि प्रश्न पाहिला. परळच्या कामगाराला स्वतःच्या वतीने विधानसभेत कायदा समजणारा, सरकारला जाब विचारणारा माणूस हवा होता. तिथे गोलंदाजीची सरासरी कामाची नव्हती.

आणि बाळूंचे सर्वांत मोठे चाहते कोण होते? दलित समाजातील शिकू लागलेली तरुण पिढी. ज्यांच्या घरात त्यांचे नाव अभिमानाने घेतले जाई, त्या घरांतील बरीच मते बाबासाहेबांना गेली असली पाहिजेत. एवढेच नव्हे, मानपत्र तयार करणारा तो कॉलेजचा तरुणच आता समोर उमेदवार म्हणून उभा होता. आवडत्या खेळाडूविषयीचा आदर आणि राजकीय मत ही दोन वेगळी खाती आहेत, याचे याहून चांगले उदाहरण मला तरी ठाऊक नाही. बाबासाहेबांनी बाळूंच्या गोलंदाजीचे कौतुक केले ते खरे होते आणि त्यांच्या राजकारणाला विरोध केला तोही खरा होता.

आपल्या वर्गप्रतिनिधीच्या निवडणुकीत शाळेच्या संघातला सलामीचा फलंदाज उभा राहिला की काय होते, हे विद्यार्थ्यांनी स्वतःच आठवून पाहावे.

पुढच्या काळातील उदाहरणेही दोन्ही बाजूंची आहेत. भारताचे लाडके कर्णधार मन्सूर अली खान पतौडी १९७१ मध्ये गुडगाव येथून आणि १९९१ मध्ये भोपाळहून लोकसभेला उभे राहिले, दोन्हीदा हरले. मोहम्मद अझरुद्दीन २००९ मध्ये मुरादाबादहून जिंकले आणि २०१४ मध्ये राजस्थानातून हरले; खेळाडू तोच, चाहते तेच, फक्त निवडणूक वेगळी. शेजारच्या पाकिस्तानात इम्रान खान यांनी १९९२ मध्ये विश्वचषक जिंकून दिला आणि १९९६ मध्ये पक्ष काढला. १९९७ च्या निवडणुकीत त्या पक्षाला एकही जागा मिळाली नाही. पंतप्रधान व्हायला त्यांना २०१८ पर्यंत थांबावे लागले, आणि तोवर ज्यांनी तो विश्वचषक पाहिला नव्हता असे तरुणच मतदार झाले होते. आपल्या बडोद्यात फत्तेसिंहराव गायकवाड क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष होते, खेळाडू होते, आणि अनेकदा खासदारही झाले. पण ते महाराजही होते, तेव्हा त्यांच्या मतांतून क्रिकेटचा वाटा वेगळा काढणे कठीणच.

पराभवानंतर बाळू राजकारणातून बाजूला झाले. स्वतंत्र मजूर पक्षाने १७ उमेदवारांपैकी १४ निवडून आणले आणि बाबासाहेबांनी विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध गिरणी कामगारांच्या बाजूने आवाज उठवला. धर्मावर आधारलेले पंचरंगी सामने गांधीजींनाही खटकू लागले होते; १९४६ मध्ये ते कायमचे बंद झाले. विठ्ठल यांनी आपले आत्मचरित्र मराठीत लिहिले, त्यामुळे या भावांविषयी पुष्कळ माहिती आज उपलब्ध आहे. बाळूंनी स्वतः काही लिहून ठेवले नाही.

स्वातंत्र्यानंतरची पहिली लोकसभा निवडणूक १९५१-५२ च्या हिवाळ्यात झाली. आता प्रत्येक प्रौढ नागरिकाला मत होते. राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर उत्तर मुंबईतून राखीव जागेवर उभे राहिले. काँग्रेसने त्यांच्यासमोर नारायण काजरोळकर यांना उमेदवारी दिली. काजरोळकरांना ना क्रिकेटची कीर्ती होती, ना बाळूंसारखे देशभर गाजलेले नाव. मतमोजणीत काजरोळकरांना १,३८,१३७ आणि बाबासाहेबांना १,२३,५७६ मते पडली. जे पालवणकर बाळूंना सगळ्या लोकप्रियतेनिशी जमले नव्हते ते पक्षाच्या बळावर काजरोळकरांनी करून दाखवले.

बाळू तेव्हा हयात होते, पंचाहत्तरीच्या घरात. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले आणि सांताक्रूझ येथे त्यांच्यावर अंत्यसंस्कार करण्यात आले. पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात बाबासाहेबही गेले.